वाऱ्याच्या खिंडीतली पिवळी खूण

त्रनावा, ४ जून १९८१

भाऊजी,

तुमचं पत्र काल आलं. नेहमीप्रमाणे पहिलं पान इर्माच्या गुडघ्यांना, दुसरं पान बटाट्यांना, आणि खरी बातमी शेवटच्या ओळीत कोपऱ्यात कोंबलेली: "हो, आपली पिवळी वाट यंदा बंद होतेय." वा! घर विकलं असतंत तर तेही असंच जाता जाता कळवलं असतं का?

रानशेळ्यांसाठी ती दरी मोकळी सोडणार, हे समजलं. रानशेळ्यांशी माझं भांडण नाही. तुमचा दादा इम्रिखच म्हणायचा, आपण बूट घालून त्यांच्या स्वयंपाकघरातून जातो. पण दगडांवरच्या, वाट दाखवणाऱ्या पिवळ्या खुणा खरवडायचं काम तुमच्याकडेच येणार, कारण वाटा रंगवणाऱ्यांत तुमच्याइतका जुना आता कुणी उरला नाही. म्हणून हे मागणं.

वाऱ्याच्या खिंडीतल्या मोठ्या खडकावरची खूण तेवढी ठेवा. तुम्हाला आठवत असेल, आमच्या लग्नाआधीचा उन्हाळा. रंगाचा डबा मी धरला होता, तुमचा दादा पट्टा ओढत होता, आणि तुम्ही मागे उभे राहून "वाकडा आला, वाकडा आला" म्हणून त्याला चिडवत होतात. माझ्या वेणीला पिवळा रंग लागला तो शेवटी कात्रीनेच निघाला. आईला मी सांगितलं, केसांना कावीळ झाली.

या ऑक्टोबरात तो जाऊन दोन वर्षं होतील. कबरीवर नाव आहे, पण ते दगडवाल्याच्या हातचं. त्याच्या हातचं आता तेवढंच उरलंय. बाकीच्या सगळ्या खुशाल पुसा.

एतेला


लेश्निचा, १६ जून

वहिनी,

आधी उत्तर आणि मग बटाटे, म्हणजे पुन्हा बोलणी खायला नकोत. उत्तर: नाही.

रागावू नका, ऐका. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची खूण दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पहिली रंगवायचीच नाही. हे मला दादानेच शिकवलं, तेही कानाखाली वाजवून. एकटी खूण म्हणजे माणसाला हाक मारायची आणि तो आला की तोंड फिरवायचं. त्या खिंडीतून आपली लाल वाट जाते आणि ती चालूच राहणार आहे. धुक्यात कुणी लाल वाटेवरून जरासा बाजूला सरकला, त्याला पिवळा पट्टा दिसला, तर तो काय समजेल? इथून खाली गावाकडे उतार आहे. जुन्या नकाशात ती वाट आहेच छापलेली. आणि खाली आहे काळी घळ. तिथे खुणांशिवाय उतरणं माझ्याच्यानेही होणार नाही.

तुम्हाला त्या खडकाचा फोटो काढून पाठवतो. रंगीत.

बटाटे यंदा बरे आहेत. इर्माचा गुडघा बरा नाही.

गेझा


त्रनावा, २९ जून

भाऊजी,

फोटो तुमच्या कपाटात लावा.

दादाने कानाखाली वाजवून शिकवलं म्हणता. त्याच दादाने तुम्हाला दोरावर बांधून उत्तरेच्या कड्यावरून खाली आणलं होतं ना, तुम्ही दारू पिऊन शहाणपणा करायला गेला होतात तेव्हा? तेव्हा कुठे गेला होता नियम? नियमात बसत नव्हतं म्हणून त्याने तुम्हाला तिथेच सोडलं असतं तर इर्माला तरी सुख लागलं असतं.

मला माहीत आहे मी वेड्यासारखं बोलतेय. शेजारीण म्हणते, दोन वर्षं होत आली, आता त्याचा कोट तरी देऊन टाक. मी देत नाही. रात्री जाग येते तेव्हा मी मनात ती वाट चढते. गवताळ माथा, बुटकी पाइनची झाडं, मग तो खडक, आणि त्यावर पिवळं. तिथे पोचले की झोप लागते. आता तिथे पोचून करड्या दगडाकडे बघत बसू का?

मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. पुढे मागणारही नाही.

एतेला


लेश्निचा, २१ जुलै

वहिनी,

तुम्ही जिंकलात.

खालून वर खरवडत गेलो. तारेचा ब्रश, मग वरून करडा रंग. प्रत्येक खुणेपाशी मनात दादाला म्हणत होतो, रागावू नकोस रे. खिंडीत पोचलो तेव्हा ब्रश हातातच होता. शपथेवर सांगतो, मी पुसणार होतो. पण तो पट्टा बघितला आणि हात उचलेना. तीन वर्षं कुणी त्याला रंग लावला नव्हता. कडा उडालेल्या, पिवळा फिकट होऊन ताकासारखा झालेला. पुसवेना, आणि तसा भिकाऱ्यासारखा सोडवेनाही. पिशवीत पिवळा आणि पांढरा थोडा थोडा रंग उरला होता. नव्याने रंगवलाच मग. वर पांढरा, खाली पांढरा, मधे पिवळा. कागद लावून कडा अशा सरळ ओढल्या की दादानेसुद्धा खोड काढली नसती.

वाटा रंगवणाऱ्या मंडळात सांगितलंय की सगळ्या खुणा पुसल्या. तुम्हीही कुठे बोलू नका. खडक लाल वाटेच्या बाजूला आहे, पाइनच्या आड. आपल्यासारख्याला ठाऊक असल्याशिवाय कुणी तिकडे जाणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातलीय.

रानशेळ्या आत्ताच दरीत उतरायला लागल्यात. त्यांना बातमी आपल्याआधी लागलेली दिसते.

गेझा


त्रनावा, २ ऑगस्ट

भाऊजी,

तुमच्या तोंडात साखर पडो. पत्र वाचलं आणि भर स्वयंपाकघरात रडले. डोरोटा कोशित्सेहून सुट्टीला आली होती, तिला वाटलं कुणी गेलं. तिलाही वाचून दाखवलं. लेक तेवीस वर्षांची झाली, शाळेत मुलांना शिकवते, आणि बापाच्या एका पट्ट्यासाठी माझ्याबरोबर नाक पुसत बसली. कडा सरळ काढल्यात म्हणे! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सरळ केलंत.

खसखशीचा रोल पाठवतेय. अर्धा इर्माला द्या, नाहीतर मला कळेलच.

एतेला


लेश्निचा, २३ सप्टेंबर
(हे पत्र गेझाने टपालात टाकलं नाही.)

वहिनी,

हे टाकीन की नाही, माहीत नाही.

शनिवारी धुक्यात लाल वाटेवरचं एक जोडपं खाली आलं नाही. नित्राचे आहेत, बेन्यो नावाचे. आम्ही शोधायला गेलो. काळ्या घळीत सापडले. तिचा ओरडून ओरडून घसा बसलेला, आणि त्याचा पाय मांडीत मोडलेला. उतरवताना माझी कंबर गेली, पण ते सोडा. डॉक्टर म्हणतात, पाय राहील पण आखूड होईल.

बाई सारखी म्हणत होती, "पिवळी होती हो, पिवळी होती." कामिल, आमच्या शोधपथकाचा प्रमुख, माझ्याकडे वळला. "गेझाकाका, तुम्ही सगळ्या पुसल्या होत्या ना?"

"पुसल्या होत्या."

"मग ही काय म्हणतेय?"

"धुक्यात माणसाला काहीही दिसतं," असं मी म्हटलं. वहिनी, मी म्हटलं असं. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तुम्हाला हे लिहिलं तर तुम्ही जन्मभर ते डोक्यावर घेऊन बसाल. दादाच्या नावाने जे काही सुख राहिलंय तेही जाईल. म्हणून लिहीत नाही. कंबर धरलीय तोवर हलता येत नाही. बरा झालो की वर जाऊन पुसून येणार.


लेश्निचा, २४ सप्टेंबर

वहिनी,

रोल तेव्हाच पोचला होता, कळवायचं राहिलं. इर्माला अर्धा दिला, विचारून घ्या. बटाटे काढून झाले. माझी कंबर धरलीय, म्हातारपण, दुसरं काही नाही. इकडे बरंच धुकं असतं.

खडकाबद्दल डोरोटाशिवाय कुणाला सांगितलं नाहीत ना? नका सांगू.

गेझा


त्रनावा, १२ ऑक्टोबर

भाऊजी,

कंबर शेकत जा आणि इर्माचं ऐकत जा. कुणाला सांगायला मी काय गावभर दवंडी पिटणारी आहे? तुमच्या मंडळातल्या इभ्रतीची एवढी काळजी, बाई बाई!

सहज विचारते. तिकडे वर बर्फ पडायला सुरुवात झाली का? लाल वाट अजून महिनाअखेरपर्यंत चालू असते ना?

एतेला


त्रनावा, १२ ऑक्टोबर

डोर्का,

जायचंच म्हणतेस तर जा. बाबांचा दिवस २४ तारखेला, शनिवारी आलाय, तुलाही सुट्टी आहे, आणि तुला एकटीनेच जायचंय तेही मला समजतं. पण काकाला कळवू नकोस, मीही कळवलेलं नाही. तो आधी नाही म्हणेल, मग स्वतः मागे येईल, आणि वर तुला खुणा कशा काढायच्या ते शिकवत बसेल. तुला तिथे बाबांशी बोलायचंय, काकाशी नाही.

नीट वाच. खिंडीपर्यंत लाल वाट सोडू नकोस. खिंडीत पोचलीस की डावीकडे पाइनच्या पलीकडे जायचं. पिवळी खूण दिसेपर्यंत जायचं. खडक मोठा आहे, चुकणार नाही. परत येताना खुणेला पाठ लाव आणि नाकासमोर चालत ये, की पुन्हा लाल वाट लागते. बाबा मला नेहमी असंच आणायचे. धुकं असलं तरी भिऊ नकोस, पिवळा धुक्यातही दिसतो, म्हणूनच तो रंग घेतात.

लोकरीचे मोजे दोन-दोन घाल. संध्याकाळी खाली आलीस की शेजारच्या हेलेनाबाईंकडे फोन कर. मी तिथेच बसून राहीन.

आई


(न टाकलेल्या त्याच कागदाच्या तळाशी, १७ ऑक्टोबर)

पुसली. ब्रश लावला तेव्हा डोळे मिटून घेतले होते. वहिनींना जून महिन्यात समोर बसवून सांगेन. पत्रात सांगायची गोष्ट नाही.


लेश्निचा, १९ ऑक्टोबर

वहिनी,

तुमची "सहज" चौकशी मला कळते हो! तुमचा स्वतः वर यायचा विचार आहे, दादाच्या दिवसाला. कृपा करा. तुमचे गुडघे इर्माच्या गुडघ्यांचे सख्खे भाऊ आहेत. वर सावलीत बर्फ धरलाय, दुपारी धुकं उतरतं. जूनमध्ये या, मी स्वतः नेतो. तेव्हा सावकाश बोलूही. बोलायचं आहे.

मी परवा वर जाऊन आलो. एक काम उरलं होतं, ते उरकलं.

गेझा


तार
त्रनावा, २५ ऑक्टोबर, सकाळ

डोरोटा काल एकटी खिंडीत गेली. फोन आला नाही. कोशित्सेला पोचली नाही. शोधा. एतेला


तार
लेश्निचा, २५ ऑक्टोबर, दुपार

पथक निघतंय. दाट धुकं. तिला कोणती वाट सांगितली ते लगेच कळवा. खडकावरची खूण मी पुसली आहे. गेझा


तार
त्रनावा, २५ ऑक्टोबर, दुपार

पिवळं दिसेपर्यंत डावीकडे जा असं सांगितलं. पिवळं दिसेपर्यंत. एतेला


तार
पोप्राद, २६ ऑक्टोबर

सापडली. जिवंत आहे. पोप्रादच्या हॉस्पिटलात. या. गेझा


लेश्निचा, ८ नोव्हेंबर

वहिनी,

पलंगाच्या एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी, आणि चार दिवसांत आपण एकमेकांशी "खिडकी लावू का" याच्यापलीकडे बोललो नाही. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. बरोबरच होतं. तोंडाने जमलं नाही म्हणून लिहितोय. सोबत एक जुना कागद आहे, सप्टेंबरातला. आधी तो वाचा.

वाचलात? आता पुढचं.

तुमची तार आली तेव्हा आम्ही दारातच होतो. "पिवळं दिसेपर्यंत" हे वाचलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. कामिल विचारतोय, "काय झालं?" मी तार त्याच्या हातात दिली. त्याने दोनदा वाचली. म्हणाला, "गेझाकाका, सगळ्या पुसल्या होत्या ना?" मी म्हटलं, "आठ दिवसांपूर्वी पुसली ती शेवटची. त्याआधी नव्हती पुसली. बेन्योच्या बायकोला खरंच दिसली होती." त्याने तार परत दिली. पिशवी उचलली आणि चालायला लागला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खिंडीत पोचेतो अंधार पडला. खडकापासून डावीकडे सरकत सरकत हाका मारल्या. धुक्यात हाक हातभर जाते आणि विरते. मला सारखं वाटत होतं, पोरगी खडकाच्या अगदी जवळून गेली असणार. हात लावला असेल त्याला. मी लावलेल्या करड्या रंगाला. पुढे नुसतं घसरतं गवत आहे आणि मग काही नाही. कामिल म्हणाला, रात्री इथून खाली कुणाला सोडणार नाही. मी म्हटलं, मी जातो. त्याने माझ्या पट्ट्याला धरून मला खाली बसवलं. रात्रभर तिथेच बसलो, आलटून पालटून हाका मारत.

उजाडताना खालून रानशेळ्यांची शिट्टी आली. तुम्हाला ठाऊक आहे, माणूस दिसला की त्या नाकातून एकदा शिट्टी मारतात आणि पळतात. ही थांबेना. पुन्हा पुन्हा, एकाच जागेवरून. म्हणजे तिथे माणूस होता, आणि तो हलत नव्हता. त्या आवाजावर दोर सोडला. एका अरुंद गवताच्या पट्टीवर बसली होती, पाठ दगडाला लावून, एका पायात बूट नाही. मला ओळखलं तिने. म्हणाली, "काका, सगळीकडे पिवळं दिसत होतं. जवळ गेलं की नुसतं दगडफूल." मग म्हणाली, "बाबांची कुठाय?"

मी म्हटलं, "आहे, वर आहे." खोटंच म्हटलं. तिथेही.

तुम्ही ठेवायला सांगितलीत म्हणून ठेवली, असं मी म्हणणार नाही. नियम मला माहीत होता, तुम्हाला नव्हता. पण एक विचारतो आणि मग जन्मात विचारणार नाही. ती येणार हे मला कळवलं असतंत तर?

गेझा


त्रनावा, २१ नोव्हेंबर

गेझा,

कागद वाचला. भाऊजी लिहवत नाही आज.

कळवलं असतं तर! आणि तुम्ही कळवलं असतंत तर? एका माणसाची मांडी मोडली, आणि तुम्ही मला बटाटे कळवता. पुसलीत, आणि लिहिता "एक काम उरकलं". मला जपत होतात म्हणे. मी काय काचेचं भांडं आहे? मला जपण्यापायी माझी पोर डोंगरावर दोन रात्री बसली. डाव्या पायाची दोन बोटं काढली तिची. काल पहिल्यांदा भिंत धरून उभी राहिली तेव्हा मला बाहेर जा म्हणाली, मी रडते म्हणून.

लिहून झालं. आता माझं ऐका. मीही तेच केलं. तुमच्यापासून लपवलं, आणि मुलीला त्या रंगाच्या भरवशावर पाठवलं. "धुक्यातही दिसतो" असं लिहिलं मी माझ्या हाताने. तो दगड माझ्या स्वप्नातला होता, म्हणून मला वाटलं तो तिथे कायमच असणार. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून मला पहिल्यांदा खरं वाटलं, की इम्रिख गेला. दोन वर्षांत वाटलं नव्हतं. तो असता तर त्याने ती खूण पहिल्या दिवशी पुसली असती, माझ्या नाकावर टिच्चून, आणि मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नसते, आणि एवढ्यावर सगळं मिटलं असतं.

नित्राच्या त्या माणसाचा पत्ता पाठवा.

एतेला


लेश्निचा, ३० नोव्हेंबर

वहिनी,

पत्ता खाली लिहिलाय. जाऊ नका.

मंडळाला सगळं सांगितलं. बिल्ला आणि ब्रश परत केले. चौकशीत लिहून दिलंय की खूण मी माझ्या हौसेने ठेवली. तुमचं नाव कुठे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. तुम्ही तिथे जाऊन आपण होऊन सांगितलंत तर सगळं तुमच्या अंगावर येईल. त्या माणसाला आता काय फरक पडणार आहे? पाय तर आखूड झालाच.

इर्मा विचारते, डोरोटा कशी आहे. मला विचारायचं धाडस होत नाही म्हणून तिला विचारायला लावलं.

गेझा


त्रनावा, १५ डिसेंबर

भाऊजी,

माफ केलं असं लिहिणार नाही, कारण खरं असेल तेव्हाच लिहीन. पण नाताळला या, इर्माला घेऊन. डोरोटा रोज विचारते, काका का येत नाही. तुम्ही तिला खोटं बोललात तेही तिला माहीत आहे, मी सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा काकाने खरं सांगितलं असतं तर मी दोरावरचा हात सोडला असता, आई." ती तुमच्यावर रागावलेली नाही. मी आहे. दोघी एकाच घरात आहोत, त्याला इलाज नाही.

तुमच्या कामिलला पत्र टाकलं. खूण ठेवायला मी लावली, दोनदा मागितली, दुसऱ्या वेळी तुम्हाला टोचून मागितली, सगळं लिहिलं. तुम्ही आता चौकशीत वेगळं सांगत बसू नका, आपण दोघे खोटे ठराल.

आणि नित्राला जाऊन आले.

दुसऱ्या मजल्यावर राहतात. तो घड्याळं दुरुस्त करतो, पाय स्टुलावर ठेवून बसला होता. बायकोने कॉफी दिली. मी सांगितलं, माझी मुलगी पण त्याच घळीत पडली होती. एवढंच सांगितलं. दोघांना माझा पुळका आला. मग तोच बोलायला लागला. म्हणाला, "सगळे आम्हाला हसतात बाई. म्हणतात, सपाटीवरची माणसं, यांना नकाशा कळत नाही. माझी बायको तर हल्ली म्हणते, आपल्याला भासच झाला असेल, तिथल्या म्हाताऱ्याने तसं सांगितलं. पण मी सांगतो, खूण होती. नव्या रंगाची होती, कडा अशा, सुरीने कापल्यासारख्या. मला कामातलं कळतं. मी हिला म्हटलं, इतकं नेटकं काम करणारा माणूस उगाच काही रंगवून ठेवणार नाही. चल, उतरू."

भाऊजी, देवाशपथ सांगते, ते ऐकून आधी मला अभिमान वाटला. इम्रिखचा, तुमचा, तुमच्या त्या सरळ कडांचा. एक क्षणभरच. मग मला माझीच किळस आली, आणि मी सगळं सांगून टाकलं. माझा नवरा कोण, दीर कोण, मी काय मागितलं, का मागितलं. भास नव्हता हेही सांगितलं.

बायको उठली, माझ्यापुढची कॉफी अर्धी होती, ती उचलून आत नेली. आत नळ बराच वेळ चालू होता. मी पर्स घेतली आणि दाराकडे निघाले. माफी मागितली नाही, मागायला तोंडच नव्हतं.

मी दार उघडलं तेव्हा तो मागून म्हणाला, "तुमची मुलगी चालते का?"

"शिकतेय," मी म्हटलं.

"मीपण," तो म्हणाला.

एतेला